दोडक्याला वाकडं बोट

झाडांच्या गप्पा माणसांच्याही कानी पडायच्या, त्या काळची गोष्ट. यमुनाताईंच्या चिमुकल्या गॅलरीत, फुटक्या बादलीत दोडक्याचा वेल होता. कपड्यांची दोरी त्याने कधीच बळकावली होती, पण फुलं नुसतीच गळायची.

"फुकटचं पाणी पितोस," कुंडीतला मोगरा चिडवायचा.

एके सकाळी करंगळीएवढा दोडका दिसला! ताईंनी अख्खी चाळ गोळा केली. शेजारच्या तानाजीभाऊंनी बोट रोखताच ताई किंचाळल्या, "अहो भाऊ, बोट वाकडं करा! सरळ बोट दाखवलं की कोवळं फळ कुजतं!" लगेच वीस बोटं वाकडी झाली. वेल आनंदाने डोलला.

पंधरवड्याने भाजी झाली. घरटी एकेक चमचा आला, तरी ताटल्या चाटूनपुसून लख्ख!

"एवढ्याशा भाजीचं केवढं कौतुक!" मोगरा फणकारला. मग हळूच म्हणाला, "मला कळी आली, की मलाही वाकडं बोट दाखवतील का रे?"