नव्या बॅटरीने केलेला अंधार

वस्तूंना वाचा होती त्या काळची गोष्ट. मुठीएवढ्या एका टॉर्चला आपल्या झोताचा भारी तोरा होता. त्याच्या पोटात जुन्या बॅटरीच्या जोडीला नवी बॅटरी आली. जुनीचे हाल बघून तिला चैन पडेना.

"जाऊबाई, अंग भाजतंय तुमचं. आवरणही फाटलंय."

"या घरात असंच असतं गं," जुनी धापा टाकत म्हणाली.

"कुजबुज पुरे! जोर लावा!" टॉर्च ओरडला. "पलीकडचा डोंगर दिसला पाहिजे!"

जुनी फुगू लागली. आता ती फुटणार, हे नवीला दिसलं. तिने स्प्रिंगचा हात सोडला. मिट्ट अंधार झाला.

"नवी आली आणि नाक कापलं!" टॉर्च करवादला.

नवी घाबरून परत सरकणार, तोच जाऊबाई पुटपुटल्या, "बोलू दे त्याला. तू हलू नकोस."