गप्प झालेला टॅपेट

एका घाटाच्या पायथ्याशी एकदा एक म्हातारा मिस्त्री राहत असे. एकाच सिलिंडरच्या मोठ्या मोटरसायकली तो दुरुस्त करी. दुसरी गाडी दारात घेत नसे. लोक त्याला वस्ताद म्हणत. त्याच्या हाताखाली एकच शिष्य होता. नाव केरबा. त्याला तिथे सात वर्षे झाली होती. तिशीला आला, तरी वस्ताद अजून त्याला एकट्याने इंजिन उघडू देत नव्हता.

त्या दिवशी सकाळपासून केरबाचे चित्त थाऱ्यावर नव्हते. शहरातल्या एका मोठ्या गॅरेजने त्याला दुसऱ्या दिवशी कामावर बोलावले होते. दुपारची साडेतीनची एसटी धरायची होती. कपड्यांची पिशवी त्याने जुन्या टायरांच्या मागे दडवली होती. वस्तादाला यातले काही सांगितले नव्हते. तो जेवून आडवा झाला की गुपचूप निघायचे, एवढेच ठरले होते.

बाराच्या सुमारास गुळाचा व्यापारी आपली मोटरसायकल घेऊन दाराशी थांबला. डोक्याला नवा फेटा, मागच्या सीटवर दोरीने आवळलेला लाकडी पाळणा. घाट चढून लेकीच्या सासरी जायचे होते. संध्याकाळी नातवाचे बारसे होते.

“मिस्त्री, जरा ऐका,” इंजिन चालूच ठेवून तो म्हणाला. “काही वाजतंय?”

इंजिनाचा दमदार ठोका तेवढा ऐकू येत होता. त्या ठोक्यावर एरवी टॅपेटची जी बारीक टकटक असे, ती नाहीशी झाली होती.

“सात वर्षं तुमच्या मागं लागलोय, ही टकटक बंद करा म्हणून. परवा तुम्ही बाजाराला गेला होता, तर केरबानं अर्ध्या तासात केली. याला म्हणतात हात.”

केरबाची मान ताठ झाली. जाण्यापूर्वी हे वस्तादाच्या कानी पडावे, अशी त्याची इच्छा होतीच.

वस्ताद गाडीजवळ जाऊन, मान तिरपी करून उभा राहिला. मग हात पुढे करून त्याने इंजिन बंद केले, किल्ली काढली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली.

“बसा. गार होऊ द्या.”

“अहो, बारसं आहे.”

“पाळणा संध्याकाळी हलवायचाय. बसा.”

“पण झालंय काय गाडीला?”

“गरम इंजिन मी उघडत नाही.”

एवढे मोठे इंजिन हाताला गार लागायला तीन तास तरी लागणार. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाबारा झाले होते. केरबाने पुठ्ठ्याचा तुकडा उचलला आणि इंजिनाला वारा घालू लागला.

“पाव्हणा आहे का तो?” वस्ताद म्हणाला. “ठेव तो पुठ्ठा.”

व्यापारी रस्त्यापर्यंत जाई आणि परत येई. फेटा डोक्यावरून मांडीवर आला. “मिस्त्री, इंजिनाआधी मी तापलोय. मला कोण गार करणार?”

“माठ कोपऱ्यात आहे. पेला उपडा ठेवलाय.”

एक वाजला. दोन वाजले. वस्ताद आडवा झाला नाही. स्टुलावर ताठ बसून राहिला. केरबाने तेच पाने तीनदा पुसले. घटकेघटकेला तो इंजिनावर हात ठेवून पाही आणि चटका बसला की काढून घेई. नजर चुकून टायरांकडे जाई. तिकडून वळली की घड्याळावर पडे.

तीन वाजून गेल्यावर वस्तादाने इंजिनावर तळवा टेकवला. “झालं. केरबा, टॅपेटचं झाकण उघड. मी हात लावणार नाही.”

केरबाने त्याच्याकडे पाहिले. सात वर्षांत हे पहिल्यांदा होत होते. त्याने झाकण उघडले. वस्तादाने माप घ्यायची पातळ पट्टी त्याच्या हातात दिली. केरबाने ती टॅपेट आणि व्हॉल्व्ह यांच्यामधल्या फटीत सरकवून पाहिली. ती जाईना. त्याने पुन्हा पाहिले. फट उरलीच नव्हती. परवा आवाज थांबेपर्यंत तो आवळत गेला होता. माप घेतलेच नव्हते.

वस्ताद व्यापाऱ्याकडे वळला.

“घाट लागला की व्हॉल्व्ह तापतो. तापला की लांबतो. त्या लांबण्यासाठी आम्ही फट सोडतो, मोजून. ती ठेवली नाही तर व्हॉल्व्ह मिटत नाही आणि मिटला नाही की जळतो. ती टकटक म्हणजे दुखणं नव्हतं, शेठ. जागा शिल्लक आहे, एवढंच तो सांगत होता. वाजणारा टॅपेट माणसाला घरी पोचवतो. गप्प झाला की मला भीती वाटते. त्यात ही एका सिलिंडरची गाडी. दोन असते तर एक बसला तरी दुसऱ्यानं ओढत नेलं असतं. इथं तो एकच. तो गेला की सगळं गेलं.”

केरबाने खाली मान घालून फट मापाला आणली, झाकण बसवले, वस्तादाकडून किल्ली घेतली आणि किक मारली. टकटक परत आली.

“म्हणजे सात वर्षं ही बिचारी मला सांगत होती, मी ठीक आहे म्हणून,” व्यापारी म्हणाला.

“आणि तुम्ही मला सांगत होता, तिचं तोंड बंद करा.”

व्यापाऱ्याने फेटा चढवला. पाळणा आणि टकटक घाटाच्या वळणाआड गेली. तीन वाजून वीस मिनिटे झाली होती.

वस्ताद रॉकेलने हात धूत होता. वर न पाहता तो बोलू लागला.

“केरबा, तू चहाला पांचट म्हणायचास. पाना जागेवर नसला की माझ्यावर खेकसायचास. दोन महिने झाले, सगळ्याला ‘हो वस्ताद’. मलाही बरं वाटलं. म्हटलं, गडी वळणावर आला. कान म्हातारा झाला माझा.” त्याने चिंधीने बोटे पुसली. “टायरामागची पिशवी आज सकाळी बघितली.”

केरबा खाली बसून पाने गोळा करू लागला.

“मी आवळत गेलो असेन. फट ठेवली नाही.” वस्तादाने चिंधी खांद्यावर टाकली. “माझ्याकडंही सिलिंडर एकच आहे. जायचं तर जा, राहायचं तर राहा. पण गप्प जाऊ नकोस.”

खालच्या वळणावर एसटीचा भोंगा वाजला. केरबाने टायरांकडे पाहिले, पण उठला नाही.

“चहा अजून पांचटच असतो,” तो म्हणाला.

“पुढं?”

मग एकट्याने इंजिन न उघडू दिल्याचे निघाले. गिऱ्हाइकांसमोर ‘गाढवा’ म्हटल्याचे निघाले. आजारी आईला बघायला जाताना रजा मागावी लागली आणि तीही दोनदा, तेही निघाले. वस्ताद स्टुलावर बसून ऐकत होता. एसटी थांब्यावर थांबली, क्षणभर गुरगुरली आणि घाटाला लागली. तिचा आवाज ऐकून केरबा बोलायचा थांबला.

“सहाला आणखी एक आहे,” वस्ताद म्हणाला. “चालू दे.”