एकच कोंबडी

"मग ती आत का जात नाही, बाबा?"

रूबेनचा आवाज चढला होता. पुण्याच्या चर्चची तरुण मंडळी घेऊन तो आठवडाभराच्या सेवेसाठी सातपुड्यात आला होता. गुमलीबाई नावाच्या एकट्या विधवेचं पडलेलं घर त्यांनी पुन्हा उभं केलं. काम फक्कड झालं होतं, खोटं कशाला बोलू?

आणि बाई मात्र बाहेर महूच्या झाडाखाली निजत होती. पौषातली थंडी! अशानं म्हातारी वाचायची नाही, हे सगळ्यांना दिसत होतं.

आमचे येसुदास पाळकबाबा घराकडे बघत राहिले. उभं आयुष्य त्यांनी याच डोंगरात काढलं. मी त्यांची जीप चालवायचो.

"छान बांधलंय," ते म्हणाले. "जेवलात कुठं?"

"आमचं आम्ही आणलं होतं. पाणीसुद्धा! पोरांना बजावलंच होतं, गरिबाच्या तोंडचा घास काढायचा नाही. बाई बोलवायची. मी हात जोडून नाही म्हणायचो."

सांगताना गड्याची छाती फुगली होती. आणि का फुगू नये? पोरगं मनानं सोनं होतं, फक्त जरा जास्तच शहाणं.

"रोज बोलवायची?"

"रोज, बाबा."

"अरेरे..."

बाबा महूखाली गेले आणि बाईसमोर मातीत बसले. आम्ही मागोमाग.

"बाई, घरात का जात नाहीस?"

"कशी जाऊ?" बाई उसळलीच. "आमच्यात लाह असते. घर बांधायला गाव येतं, मजुरी घेत नाही, पण जेवून जातं. बांधणारा जेवला की घर आपलं. हे राबराब राबले, आणि माझ्या दारात पाणी प्यायले नाहीत! मी काय भिकारीण आहे?"

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

रूबेनचं तोंड उतरलं. "बाबा, मला वाटलं... आपण द्यायला आलोय..."

बाबा बाईकडे वळले.

मग मोठ्यानं म्हणाले, "बाई, पोरांना भूक लागलीय. मलाही."

बाईनं डोळे पुसले. उठली. खुंट्याला एक कोंबडी बांधलेली होती, लाहेच्या जेवणासाठी राखलेली. ती सोडायला बाई वाकली.

रूबेननं बाबांची बाही धरली. "बाबा, तिच्याकडे ती एकच कोंबडी आहे!"

"दिसतेय मला."

"मग?"

"मग काय? मसाला जरा सढळ हातानं घाल म्हणावं. जा, सांग तिला."

तो जागचा हलेना. बाबाही दुसरीकडे बघेनात. शेवटी गेला बिचारा. बाईपुढं उभा राहिला, दोनदा तोंड उघडलं, मिटलं.

"बाई... मला तिखट चालतं."

बाई हसली! मग बाहेरच्या चुलीतले निखारे खापरावर घेतले आणि तरातरा नव्या घरात शिरली.

"पाहुण्यांना उघड्यावर जेवायला घालतात होय?" आतून ओरडली. "या की आत!"

आम्ही सगळे वाकून आत शिरलो.

पळसाच्या पानांवर भाकरी आणि लालभडक रस्सा. रूबेन जेवत होता आणि रडत होता. तिखटानं, म्हणे. आम्ही कोणी त्याला छेडलं नाही.

जरा वेळानं त्यानं बोटं चाटली, डाव्या हातानं झोळीतलं बायबल काढलं आणि अर्धवट उठला.

"बाबा, आता या घरासाठी प्रार्थना करू? आशीर्वाद मागू?"

त्यानं डोळे मिटलेसुद्धा. बाई रश्श्याची पळी घेऊन त्याच्यासमोर उभी...

बाबांनी त्याला हाताला धरून खाली बसवलं.

"डोळे नंतर मीट. आधी पान पुढं कर."