द्वारकेची बाव

कुसवड्याच्या रवळनाथाला एकाच गोष्टीसाठी दुसऱ्यांदा कौल लावत नाहीत. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवून प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पडलेली पाकळी गुरव मागणाऱ्याच्या पदरात बांधतो आणि ती कुंकवाच्या करंड्यात ठेवायला सांगतो. शहरातले पाहुणे याला हसतात, तेव्हा म्हातारा बाबली गुरव त्यांना देवळाखालच्या बावीवर, म्हणजे विहिरीवर नेतो आणि भागोजी परबाची गोष्ट सांगतो.

फार पूर्वी, असे सांगतात, या कातळावर पाण्याचा थेंब नव्हता. बायका खालच्या वहाळावर कळशा भरून उभी घाटी चढत. भागोजीची बायको द्वारका अंगाने किरकोळ. ती धापा टाकत वर आली की त्याच्या जिवाचं पाणी पाणी होई. शेवटी दोघं देवळात गेली. "माझ्या फणसाखाली पाणी आसात तर उजवो दी," त्याने देवाला गाऱ्हाणं घातलं. पाकळी उजवीकडे पडली. भागोजी पहार आणायला धावत सुटला. पाकळी द्वारकेने उचलली.

दोन वर्षं तो जांभा फोडत होता. पाच पुरुष खोल गेला, तरी खाली कोरडं ठणठणीत. गाव आधी मदतीला आलं, मग गंमत बघायला. भागोजी पाताळातल्या नागाला जेवणाचं आवतण द्यायला निघालाय, अशी टिंगल चाले. टिंगल त्याने पचवली, मनातली शंका मात्र पचेना. देव खरंच आपल्याशी बोलला होता, की पाकळी आपली वाऱ्याने पडली?

"देवान एकदा सांगल्यान मा?" द्वारका म्हणाली. "मगे परत कित्याक इचारतास?"

तरी तो गेलाच. गुरव जेवायला गेलेला बघून भर दुपारी देवळात शिरला आणि आपल्याच हाताने पाकळी लावून म्हणाला, "देवा, ह्यो खड्डो सोडूचो आसात तर उजवो दी, नायतर डावो."

पाकळी डावीकडे पडली. डावा म्हणजे नकार, एवढंच त्याने जन्मभर ऐकलेलं. आपण काय विचारलं होतं, याचं त्याला भानच राहिलं नाही. तो घरी आला आणि पहार फणसाला टेकवून ठेवली ती ठेवलीच.

पुढच्या वैशाखात द्वारका घाटीच्या सातव्या पायरीवरून कळशीसकट घसरली. तिला वर आणलं ते चौघांनी.

बाराव्यानंतर भागोजीने तिचा कुंकवाचा करंडा उघडला. आत ती पहिली पाकळी होती, वाळून काळी पडलेली. रोज कुंकू लावताना द्वारका त्या पाकळीकडे पाहत होती आणि पुन्हा घाटी उतरत होती. भागोजी पाकळी घेऊन गुरवाकडे गेला आणि चोरून लावलेला कौल त्याने कबूल केला.

"काय इचारलंस देवाक?" गुरवाने विचारलं.

त्याने शब्दन् शब्द सांगितला. गुरव ओरडला, "अरे, 'सोडू नको' म्हणान सांगल्यान तुका देवान!"

भागोजी तसाच खड्ड्यात उतरला. वीतभर कातळ उरला होता, म्हणे. चौथ्या घावाला पाणी उसळलं, गार आणि गोड. त्यात उभा राहून तो ढसाढसा रडला. ते पाणी सगळं गाव प्यालं. भागोजी मात्र मरेपर्यंत घाटी उतरून वहाळाचंच पाणी आणत राहिला.

आजही वैशाखातली पहिली कळशी या बावीतून काढतात, आणि कोणी तोंड न लावता ती सातव्या पायरीवर ओततात. आजही कोणी शंका घेऊन पुन्हा देवळाची पायरी चढलं, तर गुरव पाकळ्यांना हात लावत नाही. एवढंच म्हणतो, "घराक जा. करंडो उघड."