हरिणीसाठी काढलेला रस्ता

फार फार वर्षांपूर्वीची, म्हणजे थंडी अजून तरणीताठी होती तेव्हाची ही गोष्ट. डोंगरांच्या कुशीत एक राज्य होतं. तिथे हिवाळ्यात गाईची धार काढली की तांब्यात पडेपर्यंत दुधाची काठी होई. लोक ती काठी खांद्यावर टाकून घरी नेत आणि लागेल तसा तुकडा मोडून उकळत. ज्यांना हे खोटं वाटतं त्यांनी ते खुशाल सोडून द्यावं. पुढचं सगळं खरं आहे.

त्या राज्यात एक राखीव रान होतं. तिथे कुणी कुऱ्हाड चालवायची नाही, बाण सोडायचा नाही. आणि रिवाज असा, की हिवाळ्यात ज्याच्या हाताला काम नसेल त्याने महिनाभर त्या रानाच्या सेवेला जायचं. कुणाचा हुकूम नाही की कसला मेहनताना नाही. भाकरीचं पीठसुद्धा आपलंच न्यायचं. तरी माणसं आनंदाने जात.

एका हिवाळ्यात तिथे अंगणकर आला. चाळीस वर्षं त्याने राजवाड्याचं अंगण झाडलं होतं, आणि ते इतकं लख्ख ठेवलं होतं की त्यावर बसायला आलेल्या माश्या घसरून पडत. पण चाळीस वर्षांत त्याला कुणी "छान झाडलंस हो" असं म्हटलं नव्हतं. अंगणाकडे लोक बघतात ते घाण असलं तरच. आता तो कामातून मोकळा झाला, पण हात काही मोकळे बसेनात. घरी त्याने एवढं झाडलं की शेवटी बायको म्हणाली, "अहो, आता माझी सावली तेवढी झाडायची राहिलीय. जा बघू त्या रानात."

तेव्हा तो खराटा खांद्यावर टाकून निघाला.

रानाची देखरेख एक म्हातारी करी. वय विचारलं की ती खोपीसमोरच्या देवदाराकडे बोट दाखवून म्हणे, "हा माझ्याहून थोडा थोरला." तिने अंगणकराच्या हातात एक दोरी ठेवली.

"रोज सकाळी त्या उंचवट्यावर जायचं. जेवढी जनावरं दिसतील, अगदी रानउंदीरसुद्धा, तेवढ्या गाठी मारायच्या. आणि चालायचं ते माझ्या पावलावर पाऊल ठेवून. बाजूचा बर्फ तुडवायचा नाही."

"आणि मग, मावशी?"

"मग परत यायचं."

"तेही तुमच्याच पावलांवरून?"

"नाही तर काय, उडत येणार आहेस?"

अंगणकर गेला, गाठी मारल्या, परत आला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. त्याला मनातून वाईट वाटू लागलं. एवढं थोरलं रान, आणि सेवा काय, तर दोरीला गाठी? आणि एकमेकांच्या पावलांत पाय घालून चालायचं ते कशाला? एवढा बर्फ काय कुणाच्या लग्नासाठी राखून ठेवलाय?

उंचवट्याच्या पलीकडे एक खोलगट जागा होती. तिथे एका जुन्या झाडाखाली एक लंगडी हरिणी बसलेली असे. पोटुशी होती. तिच्या चहूबाजूंना माणसाच्या गळ्याएवढा भुसभुशीत बर्फ होता. अंगणकर रोज तिच्या नावाची गाठ मारी आणि रोज त्याचा जीव कासावीस होई.

"मावशी, बिचारी अडकलीय हो. बाहेर यायला वाट नाही तिला."

"तिला बाहेर यायचंय असं ती तुला म्हणाली का?"

"ती कशी म्हणेल?"

"मग तू कशाला म्हणतोस? झाडावरून शेवाळ गळतं, ते खाते. अंगाला ऊब आहे. राहू दे तिला." एवढं बोलून म्हातारी रानाच्या दुसऱ्या टोकाची जनावरं मोजायला तीन दिवसांसाठी निघून गेली.

अंगणकराने तिची पाठ वळायची तेवढी वाट पाहिली. खोपीतलं लाकडी फावडं उचललं आणि उंचवट्यापासून थेट त्या झाडापर्यंत रस्ता काढायला घेतला. फावड्याने उपसायचं, पायाने दाबायचं, खराट्याने साफ करायचं. घाम इतका आला की दाढीला लोंबून, गोठून त्याच्या घंटा झाल्या आणि तो मान हलवील तशा वाजू लागल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी रस्ता पुरा झाला. राजाची पालखी जावी असा. कडेला दोरी लावल्यासारखा सरळ.

तो कौतुकाने बघत उभा राहिला, तेवढ्यात मागून आवाज आला. "रामराम, काका."

एक लांडगा होता. एकटा, वयाने उताराला लागलेला, बोलायला मात्र फार अदबशीर.

"हे काम तुमचं का?"

"माझंच," अंगणकर म्हणाला. कुणीतरी विचारलं, याचाच त्याला आनंद झाला.

"काय सुरेख झालंय. चार हिवाळे मी इथून त्या झाडाकडे बघतोय. पण बर्फात पाय टाकला की पोटापर्यंत रुततो. तिथवर जाता येत नव्हतं बघा. आमच्या जातीसाठी आजवर कुणी म्हणून काही केलं नव्हतं, काका. तुम्ही पहिलेच."

अंगणकराच्या दाढीतल्या घंटा वाजायच्या थांबल्या. त्याने एकदा लांडग्याकडे पाहिलं, एकदा हरिणीकडे. मग खराटा आडवा धरून तो रस्त्याच्या मधोमध उभा राहिला.

"असं होय," लांडगा म्हणाला आणि शांतपणे बसला. "थांबतो मी. मला घाई नाही. तुम्हाला कधीतरी जेवायला जावं लागेलच."

संध्याकाळ व्हायला आली तशी म्हातारी परतली. तिने रस्ता पाहिला, लांडगा पाहिला, अंगणकर पाहिला. ती ओरडली नाही. ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिने फक्त रस्त्याच्या कडेची उपसलेली जागा दाखवली. तिथे रानउंदरांची बिळं उघडी पडली होती आणि सात उंदीर थंडीने कडक होऊन पडले होते.

"बर्फ म्हणजे त्यांची गोधडी होती रे," ती म्हणाली.

अंगणकर खाली मान घालून म्हणाला, "मावशी, मी सगळा बर्फ परत टाकतो. आत्ता टाकतो."

"टाकून बघ. माणसाच्या हातचा बर्फ दाबून बसतो. लांडगा त्यावरून नाचत जाईल. भुसभुशीत बर्फ पडतो तो फक्त वरून."

"मग मी करू काय?"

"वरून पडेपर्यंत उभा राहा."

आणि नेमकं आभाळ असं निरभ्र झालं, की ढग नावाची वस्तू कधी होती का असं वाटावं. अंगणकर दिवसा उभा राही, रात्री म्हातारी शेगडी घेऊन बसे. झाडायला काही नाही, उपसायला काही नाही. ज्या माणसाचे हात चाळीस वर्षं थांबले नव्हते, त्याने नुसतं उभं राहायचं. समोर लांडगा. दोघांना बोलायला दुसरं कुणी नाही, म्हणून ते एकमेकांशी बोलत.

"काका, पायांची बोटं हलवत राहा. गारठतील."

"तू जा की रे बाबा इथून."

"जाईन. पण मलाही पोट आहे. तुमच्या हरिणीला आहे तसंच."

अंगणकर पायांची बोटं हलवू लागला. खरं म्हणजे रागवावं तरी कुणावर? लांडग्याने रस्ता मागितला नव्हता.

नवव्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं आणि बर्फ पडू लागला. मोठाले, हलके, सावकाश उतरणारे कण. अंगणकर हलला नाही. त्याने खांद्यावरचासुद्धा बर्फ झटकला नाही. घोटे बुडाले, गुडघे बुडाले, कंबर बुडाली. लांडग्याने एक पंजा पुढे टाकून पाहिला. तो खोल रुतला. "चला, काका," तो म्हणाला, "डोंगरापलीकडे एक म्हातारा बैल कड्यावरून पडलाय म्हणतात. तिकडे बघतो." आणि तो निघून गेला. म्हातारीने दोर टाकून अंगणकराला उंचवट्यावर ओढून घेतलं.

"एक सांगू का?" श्वास परतल्यावर म्हातारी म्हणाली. "रस्ता बुजायच्या आधी मी शेवटपर्यंत नीट पाहून आले. त्यावर तुझी पावलं होती, लांडग्याची होती. हरिणीचं एकही नव्हतं. तिची येण्याजाण्याची वाट झाडाच्या मागून आहे, वरच्या कपारीतून. आपल्याला इथून दिसत नाही, एवढंच."

अंगणकराने आपली दोरी काढली, मेलेल्या सात उंदरांच्या नावाच्या सात गाठी एकेक करून सोडवल्या आणि सकाळी म्हातारीच्या पावलांवर पाऊल ठेवून उंचवट्यावर गेला.

बोध: सेवेला जाणाऱ्याने आधी समोरच्याची गरज पाहावी, आपल्या हातांची खाज भागवणं म्हणजे सेवा नव्हे.