न मोजता दिलेली नाणी

फार पूर्वी चंपानगरीत सुमुख राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व सुगंधी द्रव्यांच्या एका व्यापाऱ्याच्या कुळात जन्मले होते. म्हातारपणी त्यांची दृष्टी गेली, तेव्हा स्वयंपाकपाणी आणि बाजारहाट करायला त्यांनी मेखला नावाची बाई वेतनावर ठेवली. बाजाराच्या दिवशी ते थैलीतून मूठभर नाणी काढून तिच्या हातावर ठेवीत. मोजत नसत. मोजणे म्हणजे अविश्वास, असे त्यांना वाटे. आणि या उदारपणाचा त्यांना थोडा अभिमानही होता.

एकदा मेखलेचे वेतनही त्याच दिवशी मिळाले. तिने सगळी नाणी पदराच्या एकाच गाठीत बांधली. तांदूळ-तूप घेऊन परतताना गर्दीत धक्का लागला, गाठ सुटली आणि काही नाणी गटारात गेली. किती गेली, कुणाची गेली, काही केल्या कळेना. खरे सांगितले तरी पटणार कुणाला?

दारात बोधिसत्त्वांचा पुतण्या पूर्णक उभा होता. आधीच्या बाईला त्यानेच चोर ठरवून हाकलले होते, आणि त्या बिचारीला नगरात पुन्हा कुणी दारात उभे केले नव्हते. मेखलेने आत जाऊन उरलेली नाणी बोधिसत्त्वांपुढे ओतली.

"धनी, बाकीची गटारात पडली. तुमची की माझी, मला नाही कळत. माझं वेतनसुद्धा ठेवून घ्या, पण मला चोर म्हणू नका!"

"काका, हिलाही आजच काढा," पूर्णक म्हणाला.

बोधिसत्त्वांनी पुढ्यातल्या नाण्यांवरून हात फिरवला.

"पूर्णका, मी हिला किती दिले होते?"

"ते मला काय ठाऊक?"

"मलाही नाही. मग चोरी झाली हे कुणी ठरवायचं? मी न मोजता देऊन मोठा झालो, आणि भीती मात्र हिच्या वाट्याला आली. मेखले, तुझं वेतन आधी उचल. पडली ती माझी. उद्यापासून जाताना आणि येताना, दोघांनी मिळून मोजायचं." मग ते पूर्णकाकडे वळले. "आधीच्या बाईलाही मी मोजून दिले नव्हते. तिला बोलावून आण."

ती आली, पण उंबरठा ओलांडीना. तेव्हा ते वृद्ध आंधळे व्यापारी भिंत चाचपत स्वतः बाहेर गेले आणि भर रस्त्यात त्यांनी तिची क्षमा मागितली.

कथा संपवून शास्ते भगवान समोरच्या श्रोत्यांना म्हणाले, "तेव्हाचा पूर्णक म्हणजे विहाराचे भांडार राखणारा हा भिक्षू. मेखला आणि ती हाकललेली बाई म्हणजे आजाऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या, समोर बसलेल्या या दोघी बहिणी. आणि तो आंधळा व्यापारी मीच होतो." स्वतःची चूक ओळखणारी करुणा ती हीच.