एकदाच विचारणारी राणी

फार फार जुनी गोष्ट. राजेलोकही चिखल तुडवत चालत, तेव्हाची म्हणा ना. सखल मुलखात एक राज्य होतं आणि तिथली माणसं आग्रहासाठी प्रसिद्ध होती. पाहुणा "नको, नको" म्हणायचा, यजमान तरीही वाढायचा, आणि मग कुठे दोघांचं समाधान व्हायचं.

त्या दरबारात विसोबा नावाचा दुभाषी होता. डोंगरापलीकडच्या लोकांची भाषा तो गुरूकडे बसून शिकला होता आणि अगदी चोख बोलायचा. पुढे राजाने गिरमाजी नावाचा दुसरा दुभाषी ठेवला. गिरमाजी बोलताना अडखळायचा, पण तो डोंगरातल्या लोकांच्या घरी जेवला होता, त्यांच्या लग्नांत नाचला होता. तिकडचे पाहुणे आले की विसोबाला नमस्कार करायचे आणि गिरमाजीशी गप्पा मारत बसायचे. विसोबाच्या पोटात दुखू लागलं. गिरमाजीला कुणी साधा विडा दिला तरी याचा घास कडू व्हायचा.

एका वर्षी पुरात राज्याचं सगळं बियाणं कुजलं. पेरणी तोंडावर आली होती. डोंगरातल्या राणीकडे बियाणं भरपूर होतं, म्हणून प्रधान रिकाम्या गाड्या घेऊन तिकडे निघाले. विसोबा त्यांच्या कानाशी लागला, "गिरमाजीला कशाला नेता? त्याचं बोलणं ऐकून आपलंच हसं होईल." प्रधानांना ते पटलं.

गिरमाजी धावत वेशीपर्यंत आला. त्याने विसोबाला बाजूला घेतलं. "विसोबा, प्रधानजींना एवढं सांगा. तिथे एकदाच विचारतात. पाहुणा 'नको' म्हणाला की पुन्हा विचारणं म्हणजे त्याला खोटं पाडणं. पहिल्याच शब्दाला 'हो' म्हणायचं."

"आता तू मला शिकवणार?" विसोबा फणकारला.

वाटभर त्याच्या मनात एकच विचार होता. हे सांगितलं तर प्रधानजी विचारणार, तुम्हाला कुणी सांगितलं? आणि पुढच्या खेपेला गिरमाजीलाच नेणार. त्याने काही सांगितलंच नाही.

राणीने प्रेमाने स्वागत केलं. प्रधानांनी पुराची हकीकत सांगितली. मागणं मात्र ओठांवरच ठेवलं, कारण तोंड उघडून मागणं त्यांच्याकडे बरं दिसत नसे. राणीला ते कळलं. ती म्हणाली, "माझी कोठारं भरलेली आहेत. हव्या तेवढ्या गाड्या भरून न्या."

प्रधानांनी हात जोडले. "छे, छे, एवढं कशाला! आपल्याला उगीच त्रास." आणि ते आग्रहाची वाट बघत बसले.

विसोबाला गिरमाजीचे शब्द आठवले. अजूनही तो प्रधानांच्या कानात कुजबुजला असता तर निभावलं असतं. पण ते सांगणं गिरमाजीचं होतं! त्याने प्रधानांचं "नको" शब्दन् शब्द बिनचूक राणीला सांगितलं.

राणीचा चेहरा उतरला. "बरं," ती म्हणाली, आणि बियाण्यासाठी थांबलेल्या दुसऱ्या राज्याच्या दूतांना तिने सगळं देऊन टाकलं. सगळं जाताना दिसत असूनही, आता शब्द फिरवून मागायची प्रधानांना लाज वाटली.

गाड्या रिकाम्याच परतल्या. राजाने जाब विचारला तेव्हा विसोबा म्हणाला, "महाराज, माझा एक शब्दही चुकला नाही."

गिरमाजी तिथेच उभा होता. त्याला पाहून प्रधानांना आठवलं. "काय हो विसोबा, वेशीत हा तुम्हाला काय सांगत होता?"

विसोबाने मान खाली घालून गिरमाजीचे शब्द सांगितले, आणि तेही बिनचूक.

त्या वर्षी शेतं पडीक राहिली. पाहुणा "नको" म्हणाला की यजमान मुकाट्याने पुढे सरकू लागले, कारण आग्रह करायला भांड्यात काही उरलंच नव्हतं. एका पंगतीत विसोबाही सवयीने "नको" म्हणाला. वाढणारी बाई खरंच पुढे गेली, आणि तो अर्धपोटी पानावरून उठला.

तात्पर्य: परक्याची भाषा शिकून येते, पण त्याचं मन कळायला ते जाणणाऱ्याचं ऐकावं लागतं, आणि मत्सर नेमकं तेच ऐकू देत नाही.